अस्सल कशाला म्हणायचं? होळकरांच्या एका मोटारीच्या निमित्ताने

जुनी मोटार दिसली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुणाची?" उत्तरात एखाद्या राजाचं, नबाबाचं, फार तर सिनेनटाचं नाव आलं की ऐकणाऱ्याचं समाधान होतं. ती कुणी बनवली, कुठे बनवली, आज समोर उभी आहे तिच्यातला किती पत्रा तेव्हाचा आणि किती नंतरचा, हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणूनच जुन्या गाड्यांच्या नावावर वाटेल ती गोष्ट खपते.

एक गोष्ट तर तुम्हीही व्हॉट्सअॅपवर वाचली असेल. लंडनच्या शोरूममध्ये साध्या कपड्यांतल्या हिंदी राजाचा अपमान होतो. राजा सगळ्या रोल्स रॉइस गाड्या विकत घेतो आणि मायदेशी आणून त्यांना शहराचा कचरा वाहायला लावतो. शेवटी कंपनी हात जोडून माफी मागते. माझ्याकडे ही गोष्ट आली तेव्हा राजा अलवरचा होता. नंतर तोच भरतपूरचा झाला, मग पटियाळ्याचा. एकदा तर हैदराबादच्या निजामाच्या नावावरही ती आली. चार दरबारांत एकच प्रसंग जसाच्या तसा घडतो, तेव्हा तो कुठल्याच दरबारात घडला नसावा असं समजायला हरकत नाही. गोष्ट मनाला सुखावते, एवढंच तिच्या खरेपणाचं प्रमाणपत्र.

"सुखावते ना, मग सुखावू द्या," असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. वस्तूचं मूळ शोधणं हा श्रीमंतांचा रिकामा उद्योग आहे असंही मला वाटत नाही. खऱ्या मुळाचा शोध नीट घेतला तर हाती एक नाव लागत नाही, हातांची एक रांग लागते. त्या रांगेतल्या प्रत्येकाला त्याची जागा देणं म्हणजे इन्साफ. एकच नाव पुढे करून बाकीचे पुसून टाकणं म्हणजे खोटा शजरा. हे समजायला मला सर्वांत उपयोगी पडली ती होळकरांची एक मोटार.

होळकर म्हटलं की आमच्या जिल्ह्यातला माणूस कान टवकारतो. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडीचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातला. जिल्ह्याला आता नावही त्यांचंच आहे. त्यांच्या इंदूरच्या गादीवर १९२६ साली यशवंतराव होळकर (दुसरे) आले. वडील तुकोजीराव (तिसरे) यांना बावला खून प्रकरणानंतर गादी सोडावी लागली, तेव्हा यशवंतराव सतरा वर्षांचे होते. ऑक्सफर्डला शिकलेले, युरोपातल्या नव्या कलेची ओढ असलेले. इंदूरचा माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून बांधून घेतला. ब्रांकुसीसारख्या शिल्पकाराची शिल्पं घेतली. आणि त्याच काळात एक मोटार बनवून घेतली, जिच्यासारखी दुसरी जगात नाही.

ती ड्यूसेनबर्ग. दोनच माणसांची उघडी स्पोर्ट्‌स गाडी, रंग नारिंगी आणि काळा. चासी मात्र कंपनीच्या लांब मापाची, पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये १५३.५ इंच, म्हणजे जवळजवळ तेरा फूट. एवढ्या लांबीवर इतर गिऱ्हाइकं सात माणसांची बंद गाडी बांधून घेत. इथे तेवढी जागा बॉनेट आणि मागच्या निमुळत्या शेपटाला दिलेली. आठ सिलिंडरचं, साधारण ६.९ लिटरचं इंजिन आणि त्यावर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा होता. ही गोष्ट १९३५-३६ ची आहे, हे लक्षात ठेवा.

आता विचारू या, ही गाडी मूळची कुठली?

पहिलं उत्तर, अमेरिकेची. ड्यूसेनबर्ग कंपनी इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिसची. पण ज्यांच्या नावाने कंपनी, ते फ्रेड आणि ऑगस्ट हे दोघे भाऊ जन्माने जर्मन, लहानपणी आईबरोबर अमेरिकेत आलेले. १९२६ पासून कंपनीची मालकीही त्यांच्याकडे नव्हती. ती एरेट कॉर्ड या उद्योगपतीने घेतली होती. इंजिनाचा आराखडा ड्यूसेनबर्गचा, पण इंजिन तयार व्हायचं पेनसिल्व्हेनियात, कॉर्डच्याच लायकमिंग कारखान्यात. म्हणजे गाडीच्या नावातच जे गाव आपण धरून चालतो, त्या गावात इंजिन बनलेलंच नाही.

दुसरं उत्तर, लंडनची. त्या काळी अशा मोठ्या कंपन्या पूर्ण गाडी विकत नसत. चासी, इंजिन, चाकं आणि बॉनेटपर्यंतचा सांगाडा त्या देत. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या बॉडीवाल्याकडून बांधून घेई. हल्ली ट्रकची चासी घेऊन आपण बॉडी बांधायला देतो, तसंच. यशवंतरावांनी काम दिलं लंडनच्या जे. गर्नी नटिंग या कारखान्याला. रेषा काढल्या तिथल्या ए. एफ. मॅकनील या रचनाकाराने. लाकडाचा सांगाडा, त्यावर हाताने ठोकलेला पत्रा, चामड्याच्या गाद्या, रंगाचे थरावर थर, हे सगळं लंडनमधल्या कारागिरांचं. गाडीचं साल पुस्तकांतून कधी १९३५ तर कधी १९३६ दिसतं. चासी आणि बॉडी दोन देशांत, दोन वेगळ्या वेळी तयार झाली असेल, तर एकच जन्मसाल सांगायचं कसं?

तिसरं उत्तर, इंदूरची. मागणी तिथून गेली, आवड तिथली. रंग कसा हवा, माणसं किती बसणार, हे ठरवलं तिथे. आणि पैसा? तो माळव्याच्या रयतेचा. संस्थानिकांच्या गाड्यांचं कौतुक करताना हा धागा आपण हमखास विसरतो. कंपनीने सुरुवातीला या मॉडेलच्या नुसत्या चासीची किंमत ८,५०० डॉलर ठेवली होती, सुपरचार्जर आणि बॉडी त्यावर वेगळी. हा पैसा शेतसाऱ्यातून, जकातीतून आला. मूळ शोधायचं तर तिथपर्यंत जायला हवं.

चौथं उत्तर, पुन्हा अमेरिकेची. कारण गाडी पुढे तिकडेच गेली आणि तिकडच्या संग्राहकांनी ती जपली. कंपनी १९३७ मध्येच बंद झाली होती. १९४८ साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. यशवंतराव १९६१ मध्ये वारले. १९७१ मध्ये सगळ्याच संस्थानिकांचे तनखे बंद झाले. त्या दोन-तीन दशकांत देशभरातल्या राजवाड्यांच्या गॅरेजांमधून कितीतरी गाड्या परदेशी गेल्या, काही तर कवडीमोलाने. सरकारने निर्यातीवर बंदी घातली, पण तोवर बरंच काही निघून गेलं होतं.

चार उत्तरं, आणि चारही खरी. यातलं एकच सांगून बाकीची झाकली, की तेच उत्तर खोटं होतं.

मी उर्दू आणि मराठी, दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातं. मराठीतला "अस्सल" अरबीच्या "अस्ल"वरून आला. अस्ल म्हणजे मूळ, झाडाचं मूळ जसं. "नक्कल" आली "नक्ल"वरून, आणि नक्लचा जुना अर्थ आहे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं. पाहा, अस्सल आणि नक्कल हे आपण एकमेकांचे वैरी समजतो, पण मूळ जमिनीतून उचलून दुसरीकडे लावलं तर ते नकली होत नाही. हे दोन्ही शब्दच बघा ना. अरबीतून फारसीत, फारसीतून दख्खनेत आले, आणि आज "अस्सल मराठी" म्हणताना कुणाला त्यातला पहिला शब्द परका वाटत नाही. सनद, दाखला, दस्तऐवज, मालक हे सगळे याच वाटेने आलेले. आमच्या श्रीगोंद्याची ओळख सांगतानाही असंच होतं. शेख महंमद बाबा मराठी संतपरंपरेतले, "योगसंग्राम"कार. त्यांना एकाच रकान्यात बसवायला गेलं की रकाना अपुरा पडतो, बाबा नव्हे.

होळकरांच्या गादीचंही पाहा. मल्हाररावांचा मुलगा खंडेराव आधी गेला, नातू मालेराव लवकर गेला. अहिल्याबाईंनी राज्य सांभाळलं आणि त्यांच्यानंतर गादी आली तुकोजीरावांकडे. ते होळकर कुळातले, पण मल्हाररावांचे पुत्र नव्हेत. रक्ताची सरळ रेघ तुटली, तरी गादी होळकरांचीच राहिली. कारण मधल्या काळात कारभार थांबला नाही आणि ती दुसऱ्या कुणाची आहे असं म्हणायला जागा उरली नाही.

नेमका हाच मुद्दा इंग्लंडच्या न्यायालयात एका मोटारीबद्दल निघाला होता. बेंटली कंपनीची "ओल्ड नंबर वन" नावाची शर्यतीची गाडी. फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ आणि १९३०, अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकली. पुढे तिच्यात मोठं इंजिन बसवलं. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत भीषण अपघात झाला, चालक क्लाइव्ह डन्फी त्यात गेला. गाडी पुन्हा बांधली गेली, या वेळी बंद टपाची. अनेक वर्षांनी मालकाने ती प्रचंड किमतीला विकायचा करार केला, आणि घेणारी कंपनी ऐन वेळी म्हणाली, ही ती गाडीच नाही. १९२९ सालचं तिच्यात उरलंय काय? १९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला. शर्यत जिंकली त्या दिवशीची गाडी जशीच्या तशी उरली नाही, हे त्यांनी मान्य केलं. पण त्या गाडीचा इतिहास कुठेही तुटलेला नाही, बदल होत गेले ते एकाच गाडीत होत गेले, आणि "ओल्ड नंबर वन" या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही. म्हणून हीच ती.

आपल्या घरातली वाकळ आठवा. आजीने शिवलेली, दर दोन-चार वर्षांनी नवं ठिगळ लागलेली. आज तिच्यात आजीच्या हाताचा एखादाच टाका उरला असेल. तरी ती आजीचीच वाकळ. बाजारातून जुनी दिसणारी वाकळ आणून "ही आजीची" म्हटलं, तर मात्र ते खोटं. फरक कापडाच्या वयाचा नाही. एक रांग अखंड आहे, दुसरीला रांगच नाही.

पण अखंड रांग सिद्ध करायची तर नुसता विश्वास पुरत नाही, कागद लागतो. हे सांगायला बेंटलीचीच आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यात आपला गर्नी नटिंग पुन्हा भेटतो. १९३० च्या मार्चमध्ये कंपनीचा अध्यक्ष वुल्फ बार्नाटो याने पैज लावली. कानहून निघणारी "ब्लू ट्रेन" कॅलेला पोचायच्या आत आपण मोटारीने लंडनला पोचू. तो पोचला. पुढे सगळीकडे सांगितलं गेलं, की ज्या गाडीने हे केलं ती गर्नी नटिंगने बांधलेली बसक्या टपाची देखणी कूपे. टेरेन्स क्युनिओ या नामवंत चित्रकाराने रेल्वेशेजारून धावणारी तीच गाडी रंगवली. एकच तयार झालेली गाडी, वर अशी कहाणी. पिढ्यान्‌पिढ्या कुणी शंका घेतली नाही.

मग कुणीतरी तारखा तपासल्या. पैज मार्चमधली. कूपे मालकाच्या हाती आली मे महिन्यात. जी गाडी तयारच झाली नव्हती ती धावली कशी? बार्नाटोने त्या दिवशी चालवली होती ती दुसरीच बेंटली, एच. जे. मलिनर कारखान्याची साधी चौकोनी सलून. वर्षानुवर्षं मान मिळाला देखण्या गाडीला, धावली होती साधी गाडी. यात मला एक ओळखीची गोष्ट दिसते. कष्ट एकाचे आणि फोटो दुसऱ्याचा, हे मोटारींतच घडतं असं थोडंच आहे?

खरं बाहेर आल्याने त्या कूपेचं काही बिघडलं नाही. ती आजही तेवढीच सुंदर आहे आणि तिला जोड नाही. गेली ती फक्त उसनी कहाणी. खोट्या शजऱ्याशिवाय आपली किंमत राहणार नाही अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. वस्तूही आणि माणसंही.

होळकरांच्या गाडीसारख्या ड्यूसेनबर्गबाबत तर ही तपासणी जास्तच गरजेची. या मॉडेलच्या सुमारे ४८० चासी तयार झाल्या. त्यांतल्या जेमतेम तीन डझन कंपनीतूनच सुपरचार्जर घेऊन बाहेर पडल्या. नंतर अनेक मालकांनी आपल्या साध्या गाडीला सुपरचार्जर बसवून घेतला. काहींनी एका चासीवरची बॉडी उचलून दुसरीवर ठेवली. म्हणून जाणकार माणूस आधी चकाकी बघत नाही. तो चासीवर ठोकलेला नंबर बघतो, इंजिनावरचा बघतो, बॉनेटखालच्या पत्र्यावरची पट्टी बघतो. मग हे नंबर कारखान्याच्या वहीतल्या नोंदीशी, विक्रीच्या तारखेशी, जुन्या फोटोंशी जुळतात का ते पाहतो. एक दुवा निसटला की पुढे जात नाही. कोण म्हणालं, त्याने कुणाकडून ऐकलं, ते दोघे खरंच भेटले होते का, अशी प्रत्येक कडी तपासत जाण्याची रीत आपल्या जुन्या आलिमांना चांगली माहीत होती. मोटारीचा अभ्यासक तेच करतो, फक्त त्याच्या हातात टॉर्च आणि सँडपेपर असतो.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील डेंटिंगचं काम करतात. एकदा त्यांनी मला दाखवलं. बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक केली, एका जागी आवाज बद्द आला. खिशातून लोहचुंबक काढून तिथे लावलं, ते घसरून खाली पडलं. आत पत्रा नव्हता, लांबी भरलेली होती. म्हणाले, "सर, रंग कुणालाही फसवतो. चुंबकाला नाही फसवत." लंडनचे लिलाववाले जी विद्या लाखो रुपये घेऊन विकतात, तिचा पहिला धडा आमच्याकडे चहाच्या कपावर मिळतो.

आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. लिलावाच्या जाड गुळगुळीत पुस्तकात गाडीचा इतिहास छापतात तेव्हा त्यात मालकांची यादी असते. पहिला महाराजा, दुसरा अमुक साहेब, तिसरा तमुक उद्योगपती. फार तर बॉडीवाल्या कारखान्याचं नाव. पण गाडी ज्यांनी चालती ठेवली त्यांचं काय? कंपनी बंद, सुटे भाग सात समुद्रांपलीकडे, महिनोन्‌महिने बोट यायची नाही. अशा वेळी गाडी चालली ती खरादावर नवा बुश करून देणाऱ्यामुळे. त्याचं नाव पुस्तकात येत नाही. मुंबई-पुण्यापासून इंदूर-हैदराबादपर्यंतच्या जुन्या गॅरेजांमध्ये खराद, रेडिएटर, डेंटिंग, कुशन ही कामं करणाऱ्यांत आपल्या समाजाची माणसं किती होती आणि आहेत, हे मी वाचकांना सांगायला नको. कित्येक घरांत आजोबा, चाचा, मामू याच धंद्यातले. गाडीच्या मुळात त्यांचा हात आहे, पण नोंदीत नाही.

उलट, गाडी "अस्सल" करायच्या नादात त्यांची खूण मुद्दाम खरवडली जाते. कारखान्यातून आली तशी करायची म्हणून इथे बनवलेला भाग काढून टाकतात, इथला रंग घासून काढतात, आणि परदेशातून नवा कोरा भाग मागवून बसवतात. आता मला सांगा, अस्सल काय? गाडीबरोबर चाळीस वर्षं चाललेला इथल्या मिस्त्रीचा बुश, की गेल्या वर्षी कुरिअरने आलेला? जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिवाने, ट्युरिन सनद म्हणून जी तत्त्वं ठरवली आहेत, त्यांचाही कल याच बाजूला आहे. वाहनाच्या आयुष्यात झालेले बदल हा त्याच्या इतिहासाचा भाग आहे, शक्यतो जपा, नवं करायची घाई करू नका.

आपल्या सरकारनेही १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने मोटार वाहन नियमांत जुन्या वाहनांची वेगळी सोय केली. पन्नास वर्षांहून जुन्या, धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या दुचाकी-चारचाकींना नंबरात "व्हीए" अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढच्या वेळी पाच हजार. अशी गाडी रोज फिरवायची नाही, प्रदर्शन, रॅली, अभ्यास, दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणायची. अट अशी, की ती मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत. नियम चांगला आहे. फक्त मला वाटतं, अर्जात आणखी एक पान हवं होतं. दुरुस्त्या कोणत्या झाल्या, कधी झाल्या, कुणाच्या हातून झाल्या. मूळ स्वरूप जपलं म्हणता, तर जपणाऱ्याचं नाव तरी लिहा.

हे पान महत्त्वाचं का, ते शाळेत बसून चांगलं कळतं. दाखल्यासाठी येणारे पालक जुन्या जनरल रजिस्टरातली एक ओळ शोधत असतात. जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आपल्या बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन कुटुंबांतली पोरंही त्या रांगेत असतात. आजोबा काय काम करत, हे अख्ख्या गावाला माहीत असतं. पण रजिस्टरात ते कुणी लिहिलं नसेल तर गावाची साक्ष अपुरी पडते. मोटारीच्या मालकाला चासी नंबर जुळवताना जो घाम फुटतो, तोच इथे एखाद्या बापाला फुटतो. मोटारीच्या बाबतीत तोटा पैशाचा असतो. इथे पोराचा प्रवेश अडतो. नोंद न ठेवण्याची किंमत नेहमी ज्याच्याकडे कमी असतं त्यालाच जास्त मोजावी लागते.

म्हणून नोंद ठेवायला सुरुवात आपणच करावी, असं माझं मत आहे. त्यासाठी राजाची गाडी लागत नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वतःच्या हिकमतीवर "मीरा" नावाची छोटी मोटार बनवली, तिचे एकामागून एक नमुने तयार केले. होळकरांच्या गाडीबद्दल जगात जेवढं छापलं गेलं त्याच्या शतांशही मीराबद्दल नाही. तिच्या मुळाशी राजवाडा नव्हता, एवढंच कारण. आपल्या नगरला १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथे रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट चासीवर बांधलेली चिलखती गाडी उभी आहे. शाळेची सहल गेली की मुलं तिच्यापुढे फोटो काढतात. पुढच्या वेळी त्यांना थोडं थांबवून विचारा, खालचा सांगाडा कुणाचा, वरचं चिलखत कशासाठी, ती आज इथे कशी? फोटोपेक्षा हे प्रश्न जास्त दिवस टिकतील.

ज्यांच्या घरी वडिलांची बुलेट, राजदूत, आजोबांची पद्मिनी किंवा जुनी जीप पडून आहे, त्यांना माझं सांगणं आहे. भंगारवाल्याला बोलावण्याआधी किंवा नव्याने रंगवायला देण्याआधी एक वही करा. चासीचा आणि इंजिनाचा नंबर लिहा, आर. सी. बुकाचा फोटो काढून ठेवा. कुणाकडून घेतली, कितीला घेतली, कोणत्या साली इंजिन खोललं, कोणता भाग बदलला, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. ज्या मिस्त्रीने काम केलं त्याचं पूर्ण नाव लिहा, "तो स्टँडमागचा चाचा" एवढ्यावर भागवू नका. आणि जे आपले बंधू स्वतः गॅरेज चालवतात त्यांनी गिऱ्हाइकाच्या बिलावर आपलं नाव आणि तारीख स्पष्ट अक्षरांत घालावी, एक प्रत आपल्याकडे ठेवावी. आरटीओच्या जुन्या हस्तलिखित रजिस्टरांचं काम सरकारने करावं. ती वाळवीच्या तोंडी जाण्याआधी स्कॅन व्हायला हवीत.

होळकरांची ती नारिंगी-काळी गाडी परत येणार नाही, आणि ती आपलीच म्हणून गळा काढण्यातही अर्थ नाही. ती जर्मन भावांची आहे, पेनसिल्व्हेनियाच्या कामगारांची आहे, लंडनच्या पत्रा ठोकणाऱ्यांची आहे, माळव्याच्या शेतकऱ्याची आहे, आणि हो, एका शौकीन मराठी राजाचीही आहे. यातल्या कुणालाही वगळलं तर तिचं मूळ अपुरं राहतं. आपल्या दारातल्या गाडीचंही तसंच आहे. तिची वही मात्र आजच सुरू करता येईल, आणि तिच्यातलं पहिलं नाव मिस्त्रीचं असलं तरी चालेल.